फिटनेस बँड घेण्यापूर्वी: शाळकरी मुलांची शारीरिक हालचाल कशी मोजावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्यातील काही शाळांनी पाचवी ते दहावीच्या मुलामुलींच्या शारीरिक हालचालींवर दरवर्षी देखरेख ठेवायचे ठरवले आहे. एका देणगीदाराने त्यासाठी मनगटावर बांधायचे फिटनेस बँड देऊ केले आहेत. खेलो इंडियाच्या चाचण्या शाळांत होतच असतात. अशा वेळी बँड घ्यावेत, प्रश्नावली भरून घ्यावी की चाचण्यांचे निकालच वापरावेत, याविषयी आपल्याला सल्ला हवा आहे. मी सामाजिक आरोग्यशास्त्राची डॉक्टर असून शालेय आरोग्य सर्वेक्षणांत दीर्घकाळ काम करत आले आहे, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: पहिली दोन वर्षे एकही बँड वापरू नये. एक छोटी प्रश्नावली आणि मैदानाचे पद्धतशीर निरीक्षण या दोन साधनांवर काम करावे, आणि मुलांच्या हालचालींची जितकी नोंद ठेवाल तितकीच शाळेने त्यांना हालचालीची किती संधी दिली याचीही ठेवावी.

चाचण्यांचा मुद्दा प्रथम घेते, कारण तिथे गल्लत फार होते. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत पहिली ते तिसरीसाठी उंची-वजनावरून काढलेला बीएमआय, एका पायावर तोल सांभाळणे आणि प्लेट टॅपिंग असते, तर चौथीपासून पुढे बीएमआयबरोबर ५० मीटर धावणे, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, अर्धे सिटअप आणि पुशअप असतात. या चाचण्या उपयुक्त आहेत, परंतु त्या शरीराची क्षमता मोजतात. मूल रोज काय करते हे त्यांतून कळत नाही. क्षमतेवर आनुवंशिकता, वयात येण्याचा टप्पा, आहार आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांचा मोठा परिणाम असतो. वाडीवरून रोज चालत येणारी, घरी जाऊन पाणी भरणारी, पण रक्तक्षयाने ग्रासलेली आठवीतील मुलगी ६०० मीटरमध्ये शेवटची येऊ शकते, आणि दिवसभर बसून असलेला, वडिलांकडून चांगली शरीरयष्टी लाभलेला मुलगा पहिल्या पाचांत येऊ शकतो. वजनाचेही तसेच आहे. आपल्याकडील बाळे दिसायला बारीक, पण शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक, अशी असतात हे पुणे परिसरातील खेड्यांत झालेल्या संशोधनाने जगापुढे आणले. त्यामुळे सडपातळ दिसणारे मूल पुरेसे हालते-खेळते असे गृहीत धरायला काहीच आधार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन तपासणी करते, त्या नोंदी जपून ठेवाव्यात, परंतु हालचालींच्या रकान्यात त्या भरू नयेत.

आता मोजायचे ते काय, हे ठरवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी आठवडाभराची सरासरी काढता दिवसाला निदान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस जोमदार हालचाल तसेच स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या क्रिया त्यात असाव्यात. मध्यम म्हणजे जिच्यात बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही अशी हालचाल, आणि जोमदार म्हणजे दोन-चार शब्द बोलताच दम लागतो अशी. मुलांना समजावताना हीच कसोटी सांगावी. २०१० च्या सूचनांत ‘रोज निदान ६० मिनिटे’ असे म्हटले होते, २०२० मध्ये ते ‘सरासरी ६० मिनिटे’ असे झाले. हा बदल किरकोळ वाटतो, पण आकड्यांवर त्याचा परिणाम मोठा होतो. सोमवार ते शुक्रवार रोज ९० मिनिटे कबड्डीचा सराव करणारा आणि शनिवार-रविवारी विश्रांती घेणारा मुलगा जुन्या निकषाने नापास होतो, कारण त्याचे दोन दिवस रिकामे आहेत. नव्या निकषाने त्याची सरासरी ६४ मिनिटे भरते आणि तो उत्तीर्ण ठरतो. म्हणून आपल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर कोणता निकष लावला ते लिहून ठेवावे, आणि पुढील वर्षी दुसरा माणूस काम करणार असला तरी तो बदलू देऊ नये.

निकष आणि प्रश्न बदलले की देशाचे चित्र कसे पालटते, याचे एक उदाहरण देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४६ देशांतील २९८ सर्वेक्षणांचा, म्हणजे ११ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांचा, एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१६ मध्ये जगातील ८१ टक्के किशोरवयीनांची हालचाल अपुरी होती. मुलग्यांत हे प्रमाण ७७.६ टक्के आणि मुलींत ८४.७ टक्के होते. भारतासाठी हा आकडा सुमारे ७४ टक्के होता, आणि तो जगाच्या तुलनेत बरा मानला गेला. दुसरीकडे, आपल्याच देशातील २०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग देखरेख सर्वेक्षणात १५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी २५.२ टक्क्यांची हालचाल अपुरी आढळली. एकाच देशातील किशोरांविषयी एक आकडा सांगतो की चारांतील तीन जण कमी पडतात, आणि दुसरा सांगतो की चारांतील एकच. यातील एक खरा आणि दुसरा खोटा असे नाही. वयोगट निराळा, एकीकडे शाळेतील मुले तर दुसरीकडे घरोघरी जाऊन निवडलेली, आणि विचारण्याची पद्धतही निराळी. वर्तमानपत्रात असा आकडा छापून आला की आपल्या शाळेचा निकाल त्याच्याशी ताडून पाहण्याचा मोह प्रत्येक मुख्याध्यापकाला होतो. तो टाळावा. आपली तुलना आपल्याच मागील वर्षाशी, त्याच प्रश्नांनी आणि त्याच महिन्यात केलेल्या मोजणीशी असावी.

त्या जागतिक अभ्यासातील एक निरीक्षण आपल्या कामाशी अगदी जवळचे आहे. भारत आणि बांगलादेश या देशांतील आकडे तुलनेने बरे का, याचे स्पष्टीकरण देताना मुलग्यांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळांची लोकप्रियता आणि मुलींच्या बाबतीत घरकाम, अशी शक्यता मांडण्यात आली होती. म्हणजे मुलींचा आकडा सुधारतो तो खेळाने नव्हे, कामाने. ही गोष्ट प्रश्नावली तयार करणाऱ्याने क्षणभरही विसरू नये असे मला मनापासून वाटते, आणि पुढील सर्व सल्ला तिच्यावरच उभा आहे.

शाळांमधील जागतिक सर्वेक्षणात एक साधा प्रश्न विचारला जातो: गेल्या सात दिवसांत, दिवसभरातील सर्व वेळ मिळून निदान ६० मिनिटे शारीरिक हालचाल झाली असे किती दिवस होते? उत्तर शून्य ते सात यांपैकी एक अंक. याच प्रकारचे सर्वेक्षण भारतात २००७ मध्ये सीबीएसईच्या शाळांत झाले होते. हा प्रश्न आपण जरूर घ्यावा, कारण तो लहान आहे आणि पुन्हा पुन्हा विचारता येतो. मात्र वर्गात बसून तो भरून घेताना मुले काय करतात ते पाहावे. सातवीतील मुलगा ‘काल दोन तास’ असे बिनदिक्कत सांगतो. त्याला शांतपणे पुढे विचारले की कळते, त्याचा संघ फलंदाजी करत असताना तो पारावर बसून होता आणि नंतर सीमारेषेजवळ उभा राहून त्याच्याकडे चार-सहा वेळाच चेंडू आला. मैदानावर असलेला सगळा वेळ त्याने खेळात धरला. शेजारच्या बाकावरील मुलगी ‘शून्य’ लिहिते, कारण ती खेळत नाही. तिला विचारावे की सकाळी उठल्यापासून काय काय केले, म्हणजे झाडलोट, दोन हंडे पाणी, धुणे, लहान भावाला कडेवर घेऊन दुकानापर्यंत जाणे आणि शाळेपर्यंतची पायपीट असे सगळे बाहेर येते. तिच्या मते ते ‘काम’ होते. एकाच प्रश्नाने मुलग्याचा आकडा फुगला आणि मुलीचा आटला.

यावर उपाय म्हणून काही जण घरकामाचे प्रश्न जोडतात आणि सर्व मिनिटांची एक बेरीज करतात. मी तसे करू नये असे सांगेन. शरीराच्या दृष्टीने पाण्याचा हंडा आणि कबड्डीची चढाई या दोन्ही हालचालीच आहेत, हे मान्य. परंतु बेरीज एक केली की पाणी वाहून थकलेली मुलगी ‘पुरेशी सक्रिय’ या रकान्यात जाते आणि शाळा समाधानी होते. तिला आठवडाभरात एकदाही खेळायला मिळाले नाही ही गोष्ट कागदावरून नाहीशी होते. म्हणून तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत: खेळ व व्यायाम, शाळेत येणे-जाणे, आणि घरचे व शेतातील काम. निकष पूर्ण झाला का हे पाहण्यासाठी तिन्हींची बेरीज करता येईल, पण अहवालात तिन्ही आकडे, मुलगे आणि मुली वेगळे करून, शेजारी शेजारी छापलेच पाहिजेत. अशा तक्त्यात मुलींचा पहिला रकाना इयत्तेगणिक कसा रोडावतो ते दिसते, आणि शाळेला हात घालता येईल अशी जागा तीच आहे.

थोडी सविस्तर प्रश्नावली हवी असेल तर कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात तयार झालेली, पीएक्यू-सी या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली चांगली आहे. ती साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असून तिची मोठ्या मुलांसाठीची आवृत्ती पीएक्यू-ए या नावाने उपलब्ध आहे. शारीरिक शिक्षणाचा तास, मधली सुट्टी, शाळा सुटल्यानंतरचा वेळ, संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस असे दिवसाचे तुकडे करून ती विचारते, त्यामुळे मुलांना आठवायला सोपे जाते. तिच्यातील खेळांच्या यादीत बर्फावरील हॉकी आणि स्कीइंग आहे. त्या जागी खो-खो, लंगडी, कबड्डी, दोरीवरच्या उड्या, लेझीम, सूर्यनमस्कार, विहिरीतले किंवा नदीतले पोहणे असे घालावे लागेल. तिचे उत्तर १ ते ५ यांमधील गुण म्हणून मिळते, मिनिटे मिळत नाहीत, हे लक्षात ठेवावे. पाचवीतील मुलांकडून कोणतीही प्रश्नावली एकट्याने भरून घेऊ नये. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलाला ‘गेले सात दिवस’ ही कल्पनाच नीट धरता येत नाही. त्यांच्यासाठी शिक्षकाने कालचा दिवस सकाळपासून क्रमाने विचारावा.

आता बँडचा विचार करू. संशोधनात वापरले जाणारे उपकरण म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. ते कंबरेला किंवा मनगटाला बांधतात आणि शरीराच्या वेगात होणारे बदल ते सतत टिपत राहते. अमेरिकेतील २००३-०४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात याच उपकरणाने मोजले तेव्हा ६ ते ११ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी दिवसाला ६० मिनिटांचा निकष गाठला होता, तर १२ ते १९ वर्षांच्या गटात केवळ ८ टक्क्यांनी. अनेक देशांतील अशा नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, पाच वर्षांनंतर वयाच्या प्रत्येक वर्षामागे एकूण हालचाल सरासरी ४.२ टक्क्यांनी घटलेली दिसली. उपकरणाची ताकद इथे कळते. वयाबरोबर होणारी घसरण ते स्मरणशक्तीवर अवलंबून न राहता दाखवते.

परंतु उपकरणातून मिनिटे आपोआप निघत नाहीत, ती काढावी लागतात, आणि ती काढताना प्रत्येक पायरीवर कोणीतरी एक निर्णय घेतलेला असतो. पहिला निर्णय नोंदीच्या कालखंडाचा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या हालचाली दर तीन सेकंदांनी टिपल्या होत्या, तेव्हा जोमदार हालचालीचा मध्यक कालावधी फक्त ३ सेकंद आढळला, आणि अशा ९५ टक्के हालचाली १५ सेकंदांच्या आत संपत होत्या. लहान मुले धावतात, थबकतात, वळतात, पुन्हा धावतात. सलग अर्धा तास एका लयीत चालणे हा मोठ्यांचा व्यायाम आहे. उपकरणाने एका मिनिटाची सरासरी काढली तर दहा सेकंदांची जीव खाऊन मारलेली धाव उरलेल्या पन्नास सेकंदांच्या उभे राहण्यात विरघळते आणि ते संपूर्ण मिनिट हलक्या हालचालीत जमा होते. म्हणून मुलांसाठी १५ सेकंदांचा किंवा त्याहून लहान कालखंड धरतात. दुसरा निर्णय सीमारेषेचा, म्हणजे उपकरणाच्या कितव्या आकड्यापासून हालचाल मध्यम मानायची याचा. कंबरेच्या उपकरणासाठी मुलांमध्ये बरेचदा वापरली जाणारी एक सीमा मिनिटाला २२९६ नोंदींची आहे, तर दुसऱ्या एका संशोधक गटाने ३२०० ही सीमा सुचवली होती. सारख्याच नोंदींवर या दोन सीमा लावल्या तर एकच मूल एकीकडे सक्रिय आणि दुसरीकडे अपुरे ठरू शकते. तिसरा निर्णय उपकरण किती वेळ अंगावर होते याचा. साधारणपणे दिवसाला दहा तास आणि सुट्टीचा एक दिवस धरून निदान चार दिवस, एवढे असेल तरच त्या मुलाची नोंद ग्राह्य धरतात.

बाजारातील फिटनेस बँडमध्ये हे तिन्ही निर्णय कंपनी घेते आणि ते कसे घेतले हे बहुधा आपल्याला पाहता येत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की गणिताची पद्धत बदलू शकते, आणि मग यंदाची वाढ मुलांनी केलेली की कंपनीने, हे ओळखता येत नाही. चार्जिंग, हरवणे, तुटणे आणि मित्राच्या हातावर बांधणे या अडचणी त्यावर आणखी. शिवाय आपल्या भागासाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे: कंबरेचे उपकरण सायकल चालवणे जवळजवळ पकडत नाही, आणि डोक्यावरचे ओझे कोणत्याच उपकरणाला दिसत नाही. ज्या तालुक्यांत मुली सायकलने शाळेत येतात, तिथे त्यांच्या दिवसातील सर्वांत जोमदार अर्धा तास अशा यंत्राच्या हिशेबात हलका ठरेल. पावलांच्या आकड्याबद्दल एवढेच सांगते की दिवसाला १०,००० पावले हे लक्ष्य १९६० च्या दशकात जपानमधील एका पावले मोजण्याच्या यंत्राच्या विक्रीतून रूढ झाले. मुलांच्या अभ्यासांचा आढावा घेता प्राथमिक शाळेतील मुलग्यांसाठी ६० मिनिटांचा निकष साधारण १३,००० ते १५,००० पावलांशी, मुलींसाठी ११,००० ते १२,००० पावलांशी, आणि किशोरांसाठी १०,००० ते ११,७०० पावलांशी जुळतो.

माझा सर्वाधिक भरवसा मैदानाच्या निरीक्षणावर आहे. अमेरिकेतील संशोधकांनी विकसित केलेली सोप्ले ही पद्धत त्यासाठी वापरावी. तिला कागद, पेन्सिल आणि घड्याळ याखेरीज काही लागत नाही. शाळेच्या आवाराचे तुकडे पाडून नकाशा काढायचा: मुख्य मैदान, व्हरांडा, वडाखालची जागा, नळाजवळचा कट्टा. शाळा भरण्यापूर्वी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर, ठरलेल्या मिनिटाला निरीक्षकाने प्रत्येक तुकड्यावरून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी किती मुली बसलेल्या किंवा उभ्या आहेत, किती चालत आहेत आणि किती जोमाने हालत आहेत हे मोजायचे. मग त्याच प्रकारे मुलगे. कोणाचेही नाव लिहायचे नाही. प्रत्येक तुकड्यापुढे पाच गोष्टींची नोंद करायची: जागा मुलांसाठी खुली होती का, वापरण्याजोगी होती का, कोणी मोठे माणूस लक्ष द्यायला होते का, ठरवून घेतलेला खेळ चालू होता का, आणि शाळेने साहित्य दिले होते का. दोन निरीक्षकांनी आधी एकत्र उभे राहून पण वेगवेगळे मोजावे आणि आकडे जुळेपर्यंत सराव करावा. असे पाच-सहा दिवस केले की जे दिसते ते कोणत्याही बँडमधून दिसणार नाही. मधल्या सुट्टीत मोठ्या मैदानाचा बहुतेक भाग आठवी-नववीच्या मुलग्यांच्या क्रिकेटने व्यापलेला असतो, पाचवीची मुले कडेने पळतात, आणि मोठ्या मुली कट्ट्यावर किंवा व्हरांड्यात असतात. त्यांना खेळायचे नसते असा निष्कर्ष घाईने काढू नये. त्यांना विचारावे. गणवेशाची अडचण, पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नसणे, मुलग्यांच्या शेरेबाजीची धास्ती आणि मैदानात रिकामा कोपराच नसणे, ही कारणे त्या स्वतः सांगतात.

शारीरिक शिक्षणाच्या तासासाठी सोफिट नावाची तशीच पद्धत आहे. एका वेळी एका विद्यार्थ्याकडे दहा सेकंद पाहायचे, दहा सेकंदांत तो आडवा, बसलेला, उभा, चालणारा की अतिशय सक्रिय ते नोंदवायचे, चार मिनिटांनी पुढच्या विद्यार्थ्याकडे वळायचे. तासाचा निदान निम्मा वेळ मध्यम ते जोमदार हालचालीत जावा असा मापदंड अनेक ठिकाणी मानला जातो. पस्तीस मिनिटांच्या तासात रांगा लावणे, हजेरी, सूचना आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे यांत किती मिनिटे जातात हे क्रीडाशिक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की तो न सांगता बदल करतो. एका रांगेऐवजी चार रांगा करतो, एका चेंडूऐवजी सहा चेंडू मागतो. मात्र हे निरीक्षण शिक्षकाच्या गोपनीय अहवालासाठी वापरले जाणार नाही, असे त्याला आधी लेखी सांगावे.

शाळेच्या व्यवस्थेची नोंद मी वर म्हटली, ती एका वहीत होते. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे किती तास आहेत आणि प्रत्यक्षात किती झाले, हे दोन आकडे दर आठवड्याला इयत्तावार लिहावेत. दहावीचे तास दिवाळीनंतर गणित-विज्ञानाकडे जातात, हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु ते लिहिलेले कुठेच नसते. पावसाळ्यात मैदान किती दिवस चिखलाचे होते, खेळाचे साहित्य कपाटात किती दिवस कुलूपबंद राहिले, हेही लिहावे.

मोजणी वर्षातून निदान दोनदा व्हावी, कारण ऑगस्टमधील आणि जानेवारीतील हालचाल एक नसते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे ज्या गावांत आहेत तिथे दिवाळीनंतर पटावरील मुलांचा एक गट प्रत्यक्षात वर्गात नसतो. तो वगळून आलेला आकडा संपूर्ण शाळेचा म्हणून सांगू नये. सहामाही परीक्षेचा, स्नेहसंमेलनाच्या सरावाचा आणि तालुका क्रीडास्पर्धेचा आठवडा टाळावा. शाळांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी, अन्यथा चांगले मैदान असलेल्या शाळाच पुढे येतात. आकड्यातील फरकाबद्दल संयम ठेवावा. ४०० मुलांच्या नमुन्यात २५ टक्के मुले निकष पूर्ण करतात असा आकडा आला तर खरा आकडा साधारण २१ ते २९ यांमध्ये कुठेही असू शकतो, आणि मुले संपूर्ण वर्गच्या वर्ग निवडलेली असल्याने हा पल्ला आणखी रुंद होतो. पुढच्या वर्षी २८ टक्के आले म्हणून सत्कार किंवा २२ आले म्हणून खुलासा, दोन्ही अनाठायी ठरतील.

संमतीचा भाग छोटा आहे पण टाळता येणारा नाही. पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि मुलांनाही विचारावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांची लेखी अनुमती अपेक्षित असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती बंधनकारक केली आहे. कंपनीच्या अ‍ॅपवर मुलांची नावे, वजने आणि ये-जा करण्याची ठिकाणे चढवणे हे बँड न घेण्याचे आणखी एक सबळ कारण आहे. मुलांची पावले किंवा मिनिटे फळ्यावर क्रमवारीने लावू नयेत. जाड मुलाचे नाव तिथे तळाशी लागले की तो दुसऱ्या दिवसापासून पोटदुखीचे कारण सांगून तासाला बसून राहतो.

दिव्यांग मुलांना या मोजणीतून वगळण्याची जी पद्धत पडली आहे, ती आपण तरी मोडावी. २०२० च्या सूचनांत त्यांच्यासाठीही दिवसाला सरासरी ६० मिनिटांचाच निकष आहे. काठी घेऊन चालणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीतील मुलाची हालचाल ‘बसलेला’ या रकान्यात जाईल, म्हणून त्याच्यासाठी निरीक्षकाने स्वतंत्र ओळ ठेवावी आणि तो कोणत्या खेळात सामील होता ते शब्दांत लिहावे.

देणगीदाराला काय सांगावे, हा आपला शेवटचा प्रश्न होता. त्यांच्याकडे दोरीउड्यांच्या दोऱ्या, रिंग, हलके चेंडू, मैदान आखायला फक्की आणि स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी मागावी. बँड द्यायचेच असतील तर तिसऱ्या वर्षी, कच्च्या नोंदी खुल्या देणारी मोजकी उपकरणे घेऊन तीस-चाळीस मुलांवर एक आठवडा वापरावीत आणि त्यांच्या प्रश्नावलीतील उत्तरांशी ताडून पाहावीत. एवढ्यासाठी महाविद्यालयातील सामाजिक आरोग्यशास्त्र विभागाची मदत मिळू शकते. साहित्य आल्यावर मुख्य मैदानाचा एक ठरलेला भाग मधल्या सुट्टीत आठवड्यातून तीन दिवस मुलींसाठी राखून ठेवावा, आणि निरीक्षण पहिल्या आठवड्यात न करता दोन महिन्यांनी करावे, म्हणजे नव्या चेंडूची नवलाई ओसरल्यावर आठवी-नववीच्या किती मुली त्या भागात टिकून आहेत हे मोजता येईल.